पहिलाच चष्मा : नुसता वाचनाचा घ्यावा की प्रोग्रेसिव्ह?

मृण्मयी_वाई

नमस्कार. माझे वय ४३ असून आजवर मला चष्मा लागला नव्हता. मी माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. या सत्रात उत्तरपत्रिका तपासताना मुलांनी लिहिलेला घातांक २ आहे की ३, हे कागद लांब धरल्याशिवाय कळेनासे झाले, म्हणून डोळे तपासून घेतले. लांबचा नंबर दोन्ही डोळ्यांना शून्य आहे, सिलिंडर (बुबुळाच्या असमान गोलाईमुळे लागणारा नंबर) नाही, आणि जवळचा नंबर +१.२५ निघाला. डॉक्टरांनी ‘वाचनाचा चष्मा करून घ्या’ एवढेच सांगितले. चष्म्याच्या दुकानात मात्र ‘शिक्षिका आहात तर प्रोग्रेसिव्हच घ्या, म्हणजे सारखा काढघाल करावा लागणार नाही’ असा आग्रह झाला. प्रोग्रेसिव्ह म्हणजे वर लांबचा, खाली वाचनाचा आणि मध्ये सलग बदलत जाणारा नंबर असलेली एकच काच. किमतीत जवळजवळ दहापट फरक आहे.

वर्गात हातात पुस्तक, समोर मुले आणि पाठीशी फळा असतो. मधल्या वेळेत संगणकावर गुण भरायचे असतात. येणे-जाणे स्कूटरवरून होते. आणि परीक्षेच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत उत्तरपत्रिका तपासाव्या लागतात. अशा परिस्थितीत पहिल्याच चष्म्यासाठी काय निवडावे? ज्यांनी दोन्ही वापरून पाहिले आहेत, त्यांनी अनुभव सविस्तर लिहावा ही विनंती.

निशिगंध

लांबचा नंबर शून्य असेल तर वाचनाचाच चष्मा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमचे डोळे लांबचे उत्तम पाहत असताना दिवसभर डोळ्यांसमोर काच कशासाठी बाळगायची? प्रोग्रेसिव्हमध्ये वरच्या भागाचे तुम्हाला काहीच काम नाही आणि पैसे मात्र संपूर्ण काचेचे मोजावे लागतात. वाचनाच्या चष्म्यात संपूर्ण काच एकाच नंबरची असते, त्यामुळे पानाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत डोके न हलवता वाचता येते. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यासाठी याहून सोयीचे काही नाही.

चारुदत्त_डोंबिवली

निशिगंध यांच्याशी मी सहमत नाही. मीही शिकवतो, महाविद्यालयात. वाचनाचा चष्मा घालून पुस्तकातून मान वर केली की समोरचा वर्ग धूसर होतो; चष्मा काढला की पुस्तक दिसत नाही. एका तासिकेत हे किती वेळा होते, याची कल्पना न शिकवणाऱ्यांना येत नाही. शिवाय काढलेला चष्मा टेबलावर राहतो, दुसऱ्या वर्गात विसरतो, पिशवीत ओरखडे पडतात. प्रोग्रेसिव्ह घेतल्यापासून चष्मा सकाळी नाकावर चढतो तो रात्रीच उतरतो. सुरुवातीचे काही दिवस जिना उतरताना जपून पाऊल टाकावे लागले, पुढे त्याची आठवणही राहिली नाही.

दृष्टिमित्र

मी व्यवसायाने ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारा आहे. वरचे दोन्ही प्रतिसाद आपापल्या जागी बरोबर आहेत, परंतु निर्णय नेमका कशावर घ्यायचा ते त्यातून पुढे येत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

चाळिशीच्या आसपास डोळ्यातील नैसर्गिक भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळची वस्तू पाहण्यासाठी त्याला हवा तितका फुगवटा घेता येत नाही. हा आजार नाही. तो प्रत्येकाच्या वाट्याला येतो. नंबर हळूहळू वाढत साठीच्या सुमारास +२.५०च्या आसपास स्थिरावतो. चष्मा लावल्यामुळे नंबर वाढतो हा समज चुकीचा आहे. चष्मा लावा अथवा लावू नका, भिंग आपल्या गतीने कडक होतच असते.

आता गणिताच्या बाईंना गणितानेच सांगतो. एक भागिले नंबर केले की मीटरमधले अंतर मिळते. लांबचा नंबर शून्य असलेल्या माणसाने +१.२५चा चष्मा घातला, तर त्याला जास्तीत जास्त १ ÷ १.२५ म्हणजे ०.८ मीटर, अर्थात ८० सेंटिमीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसेल. पुस्तक साधारण ४० सेंटिमीटरवर असते आणि संगणकाचा पडदा ६० ते ७०वर. म्हणजे आज या एका साध्या चष्म्यात तुमचे पुस्तक आणि संगणक दोन्ही बसतात. पहिल्या बाकावरची मुले मात्र बसत नाहीत. पुढे नंबर +२.५० झाला की हीच मर्यादा ४० सेंटिमीटरवर येईल आणि संगणकही तिच्याबाहेर जाईल.

तेव्हा प्रश्न असा विचारावा : ८० सेंटिमीटरच्या आतले आणि बाहेरचे पाहणे तुमच्या दिवसात एकमेकांत किती मिसळलेले आहे? ते वेगवेगळ्या वेळी होत असेल तर वाचनाचा चष्मा पुरेसा आहे. एकाच मिनिटात दोन्ही करावे लागत असेल तर प्रोग्रेसिव्हचा विचार करावा. वय आणि हुद्दा यांचा याच्याशी संबंध नाही.

अण्णा_मिरजकर

दोघांच्या मधला जुना मार्ग कुणीच सांगितला नाही. मी गेली अनेक वर्षे बायफोकल वापरतो. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८४ सालच्या एका पत्रात अशा दुहेरी काचांच्या चष्म्याचा उल्लेख केला आहे. इतकी ही युक्ती जुनी आणि कसाला उतरलेली आहे. खालच्या बाजूला अर्धगोल किंवा ‘डी’च्या आकाराची खिडकी असते आणि तीत वाचनाचा नंबर बसवलेला असतो. खिडकी रुंद असल्याने वर्तमानपत्राचा स्तंभ पूर्ण दिसतो आणि किंमत प्रोग्रेसिव्हच्या तुलनेत बरीच कमी असते. रेष दिसते म्हणून हल्लीच्या लोकांना तो वयस्कर वाटतो, एवढाच त्याचा दोष.

दृष्टिमित्र

अण्णा, बायफोकलचा पर्याय आजही उत्तम आहे आणि मी तो नियमितपणे देतो. मात्र दोष केवळ रेषेचा नाही. रेष ओलांडताना प्रतिमा एकदम उडी मारते, आणि वरचा लांबचा व खालचा जवळचा यांच्या मधल्या अंतरासाठी त्यात काहीच सोय नसते. +१.२५च्या नंबरला ही उणीव जाणवत नाही, पण +२च्या पुढे संगणक अडचणीत येतो. नेमक्या याच अडचणीसाठी फ्रान्समध्ये बर्नार मेतनाझ यांनी सलग बदलत्या नंबरची काच तयार केली आणि ती १९५९ साली ‘व्हॅरिलक्स’ या नावाने बाजारात आली.

प्राजक्ता_येवला

चर्चा शिक्षकांची असली तरी एक वेगळा अनुभव लिहिते, कारण प्रोग्रेसिव्ह सर्वांना चालतोच असे दुकानांत सांगितले जाते. आमच्या घरी पैठणीचे माग आहेत. माझे दीर मागावर बसतात आणि त्यांना पन्नाशीत प्रोग्रेसिव्ह करून दिला. पैठणीच्या पदराची नक्षी विणताना पन्हा जवळजवळ सव्वा वार रुंद असतो आणि त्यावर ओळीने रंगीत रेशमाच्या कांड्या लोंबत असतात. विणकराला मोराच्या पिसातला एकेक ताणा मोजून कांडी घालायची असते, आणि नजर सतत डावीकडून उजवीकडे फिरत असते. प्रोग्रेसिव्हच्या खालच्या भागात मधला पट्टाच स्वच्छ दिसे. कडेचे धागे दुहेरी झाल्यासारखे वाटत. डोके फिरवून पाहायला गेले की मान भरून येई. शेवटी मागापासून डोळ्यांपर्यंतचे अंतर टेपने मोजून, तेवढ्याच अंतराचा एकाच नंबरचा चष्मा करून घेतला. तेव्हापासून त्यांची कोणतीही तक्रार नाही.

निशिगंध

प्राजक्ताताईंनी माझाच मुद्दा अधिक चांगल्या रीतीने मांडला. कडेचे धूसर दिसणे हा काचेचा दोष असतो की दुकानदाराचा, हे दृष्टिमित्र यांनी सांगावे. महागड्या काचेत तो राहत नाही, असे मला एका दुकानात सांगण्यात आले होते.

दृष्टिमित्र

तो निसर्गनियमाचा भाग आहे. वरून खाली नंबर ज्या वेगाने वाढवावा, त्याच्या साधारण दुप्पट वेगाने त्या मधल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना नको असलेला सिलिंडर वाढत जातो. मिंकविट्झ यांनी १९६३ साली हे गणिताने सिद्ध केले. त्यामुळे कोणतीही कंपनी ही धूसरता नाहीशी करू शकत नाही. ती कुठे ढकलायची आणि किती पसरवायची एवढेच ठरवता येते. महागड्या काचेत ही मांडणी अधिक कौशल्याने केलेली असते, म्हणून पट्टा रुंद वाटतो. ‘आमच्या काचेत कडा अजिबात धूसर नाहीत’ असे कुणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

याच नियमाचा दुसरा अर्थ असा की जवळचा नंबर कमी असताना धूसरताही कमी असते. +१.२५ला प्रोग्रेसिव्ह सुरू करणारा माणूस सहज रुळतो, आणि +२.२५ला पहिल्यांदाच सुरू करणाऱ्याला अधिक वेळ लागतो. म्हणून मृण्मयीताईंना कधीतरी प्रोग्रेसिव्ह घ्यायचाच असेल तर आत्ता घेण्यात एक सोय आहे. मात्र ‘आत्ता घेतला नाही तर पुढे जमणारच नाही’ ही भीती निराधार आहे.

सह्यकडा

जिन्याचा उल्लेख वर ओझरता आला आहे, त्याकडे अधिक गांभीर्याने पाहावे असे मला वाटते. मी साठीच्या पुढच्या लोकांना घेऊन गडकिल्ल्यांवर जातो. उतारावर पाऊल टाकताना नजर आपोआप काचेच्या खालच्या भागातून जाते आणि तिथे वाचनाचा नंबर असतो. पाय डोळ्यांपासून दीड मीटरवर, आणि काच जुळवलेली अर्ध्या मीटरच्या आतल्या वाचनासाठी. पायरीची कड नेमकी तिथेच पुसट होते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी वृद्धांवर केलेली एक चाचणी २०१० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह वापरणाऱ्यांना बाहेर वावरण्यासाठी नुसत्या लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा देण्यात आला. जे लोक नियमितपणे बाहेर फिरणारे होते, त्यांचे पडणे त्यामुळे कमी झाले. मी आमच्या सदस्यांना उतरताना लांबचाच चष्मा घालायला सांगतो. मृण्मयीताईंचा लांबचा नंबर शून्य असल्याने त्यांनी नुसता चष्मा काढून खिशात ठेवला तरी काम होईल.

चारुदत्त_डोंबिवली

त्याच चाचणीत जे फारसे घराबाहेर पडत नाहीत अशा वृद्धांचे बाहेरचे पडणे उलट वाढले होते, हेही नमूद करायला हवे. चष्म्यांची अदलाबदलही सर्वांना मानवत नाही. शिवाय ४३ वर्षांच्या शिक्षिकेला साठीच्या पुढचे निष्कर्ष जसेच्या तसे लावणे मला योग्य वाटत नाही.

सह्यकडा

आक्षेप मान्य आहे. तरीही उतरताना हनुवटी छातीकडे घेऊन काचेच्या वरच्या भागातून पायरी पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी, हे कोणत्याही वयात लागू पडते.

वाटसरू_पुणे

ज्यांना आधीपासून मायनस नंबर आहे, त्यांच्यासाठी हे गणित वेगळे आहे. माझा नंबर −२.५० आहे. चष्मा काढला की मला ४० सेंटिमीटरवरचे पुस्तक काही न लावता लख्ख दिसते. मी घरी वाचताना चष्मा काढतो, आणि कार्यालयात पडदा व टेबल यांच्यासाठी बनवलेली, फक्त हातभर ते खोलीभर अंतराची काच वापरतो. तीत मधला पट्टा प्रोग्रेसिव्हपेक्षा बराच रुंद असतो. ती घालून गाडी चालवता येत नाही, पण आठ तास पडद्यासमोर बसणाऱ्यांनी तिची चौकशी जरूर करावी.

रेवा_मडगाव

चष्म्याऐवजी आता डोळ्यांत घालायचे थेंब मिळतात असे वाचले होते. त्याबद्दल कुणाला माहिती आहे का? मलाही नुकताच +१.०० निघाला आहे आणि चष्मा टाळता आला तर हवाच आहे.

दृष्टिमित्र

ते पायलोकार्पिनचे थेंब. बाहुली आकुंचन पावते आणि बारीक छिद्रातून पाहिल्याप्रमाणे काही तास जवळचे स्पष्ट दिसते. अमेरिकेत २०२१ साली अशा थेंबांना मान्यता मिळाली. भारतात २०२४ मध्ये एका औषधाला दिलेली परवानगी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, प्रसिद्धीत केलेल्या दाव्यांवरून स्थगित झाली. बाहुली लहान झाल्याने अंधारात कमी दिसते आणि काहींचे डोके दुखते. नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तो विचार करू नये.

अण्णा_मिरजकर

रस्त्यावर दीड-दोनशे रुपयांना मिळणारे तयार चष्मे कसे असतात, हेही कुणीतरी सांगावे. आमच्या भागात निम्मे लोक तेच वापरतात. चौरंगावर पोथी ठेवून वाचणाऱ्यांना आणि धान्य निवडणाऱ्या बायकांना ते पुरतात, असे दिसते.

दृष्टिमित्र

दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल आणि सिलिंडर नसेल, तर त्यांनी डोळ्यांचे नुकसान होत नाही. आसाममधील चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचे चष्मे मोफत दिले, तेव्हा त्यांची पानतोडणी चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली, असे २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला साधा चष्मा मिळणे किती मोलाचे असते, हे त्यावरून कळते.

माझी काळजी वेगळी आहे. तयार चष्मा उचलणारा माणूस डोळे तपासायला येतच नाही. काचबिंदू बहुधा दुखत नाही आणि सुरुवातीला जाणवतही नाही. मधुमेहाने डोळ्याच्या आतल्या पडद्यावर झालेले बदलही बरेचदा तपासणीतच सापडतात. चाळिशीच्या निमित्ताने डोळ्यांचा दाब आणि पडदा एकदा तपासून घेणे, हा या सगळ्या चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. मृण्मयीताई, तुमची तपासणी नंबरापुरतीच झाली असेल तर कृपया पुन्हा जा.

मृण्मयी_वाई

सर्वांचे मनापासून आभार. दाब आणि पडदा दोन्ही तपासले होते आणि दोन्ही व्यवस्थित आहेत.

८० सेंटिमीटरच्या हिशेबाने मला मोठी मदत केली. शिक्षककक्षातील एका सहकारी बाईंचा +१.२५चा तयार चष्मा मागून घेतला आणि तो घालून एक दिवस शिकवले. टेबलाशी उभे राहून पुस्तकातून उदाहरण सांगताना फारशी अडचण आली नाही. पण मी बाकांमधून फिरत वह्या पाहते. एका वहीवर वाकून चूक दाखवायची, लगेच मान वर करून मागच्या बाकावर कोण बोलते आहे ते पाहायचे, पुन्हा शेजारच्या वहीकडे वळायचे, आणि दोन्ही हातांत खडू नि पुस्तक. तिथे तो चष्मा सर्वस्वी अडचणीचा ठरला. उलट रात्री त्याच चष्म्याने उत्तरपत्रिका तपासताना इतका आराम वाटला की तो सोडवेना.

निशिगंध

मग अर्ध्या उंचीची फ्रेम का घेत नाही? जुने मास्तर नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून वरून वर्गाकडे पाहत असत. लांबचा नंबर शून्य असलेल्यांना तो सर्वांत स्वस्त आणि सोपा उपाय आहे, कडेला धूसर नाही आणि रुळण्याची भानगडही नाही.

चारुदत्त_डोंबिवली

निशिगंध, ही सूचना मला पटली. फक्त वाकून वह्या पाहताना ती फ्रेम घसरते. उभ्याने शिकवणाऱ्यांना ती ठीक आहे.

मृण्मयी_वाई

वाकल्यावर घसरण्याची अडचण मलाही येईल, कारण माझे अर्धे काम बाकांवर वाकूनच होते. म्हणून विचार असा केला आहे की उत्तरपत्रिकांसाठी एकाच नंबरचा साधा वाचनाचा चष्मा आत्ताच करून घ्यावा, आणि वर्गासाठी मधल्या किमतीचा प्रोग्रेसिव्ह घ्यावा. स्कूटरवर आणि जिन्यावर काहीच लावणार नाही. दृष्टिमित्र, फळ्यावर लिहिताना काय होईल? फळा हातभर अंतरावर असतो, पण डोळ्यांच्या वर असतो. आणि दुकानात माप घेताना मी कशाकडे लक्ष द्यावे?

दृष्टिमित्र

निर्णय योग्य आहे. फळ्याविषयी तुमची शंका अचूक आहे : वर पाहताना काचेचा लांबचा भागच समोर येतो. आज तुमच्या डोळ्यांत स्वतःची क्षमता पुरेशी शिल्लक आहे आणि खडूची अक्षरे मोठी असतात, म्हणून काही वर्षे जाणवणार नाही. नंबर +२च्या पुढे गेल्यावर हनुवटी किंचित उचलून लिहावे लागेल.

माप घेताना आधी फ्रेम निवडावी आणि ती नाकावर व कानांवर नीट बसवून घ्यावी. काचेची उंची ३० मिलिमीटरच्या आसपास असावी, कारण फार बुटक्या फ्रेममध्ये खालचा वाचनाचा भाग कापला जातो. नंतर तुम्ही नेहमीसारखे ताठ न होता बसून समोर पाहत असताना, दुकानदाराने तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन फ्रेममधल्या नमुना काचेवर दोन्ही बाहुल्यांसमोर पेनाने ठिपके द्यावेत. नाकाच्या मध्यापासून प्रत्येक बाहुलीचे अंतर वेगळे मोजलेले असावे. दोन्हींची बेरीज करून निम्मे केलेले चालत नाही. हे न करता कुणी फक्त नंबराचा कागद ठेवून घेतला तर तिथे प्रोग्रेसिव्ह करू नये, मग काच कितीही महाग असो.

चष्मा हाती आल्यावर काचेवर तोंडाची वाफ सोडून उजेडाकडे तिरकी धरा. प्रत्येक काचेवर दोन अगदी पुसट कोरीव खुणा दिसतील, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर, आणि कानाकडच्या खुणेखाली जवळचा नंबर बारीक अंकांत कोरलेला असेल. तो तुमच्या कागदाशी जुळतो का ते पाहा. बाजूचे पाहायचे असेल तर डोळ्यांऐवजी नाक तिकडे वळवा, आणि वाचताना मान न झुकवता नजर खाली न्या. दोन आठवड्यांनंतरही चक्कर किंवा मानेला ताण जाणवला तर परत जाऊन आधी ठिपक्यांची जागा आणि फ्रेमचा कल तपासून घ्या. नंबर पुन्हा काढायची वेळ त्यानंतर येते.